हशा नेमका कुठे बसवायचा?

विनोदी गाणी स्वतः लिहून, पेटी नाहीतर गिटार मांडीवर घेऊन ती म्हणणारी पोरं आता सांगली-मिरजेतही दिसायला लागलीत. पुण्या-मुंबईसारखे कॉमेडी क्लब इकडे नाहीत. कॅफेतला कोपरा, कॉलेजचं गॅदरिंग, गणपतीतला मंडप, एवढ्यावर भागवायचं. यांच्यातल्या कुणाशीही दहा मिनिटं बोललं की गाडी एका प्रश्नावर येते. गाण्यांचा अल्बम काढायचा तर स्टुडिओत शांतपणे गाऊन घ्यावीत की लोकांसमोर, हशा-टाळ्यांसकट?

स्टुडिओ सोपा असतो. चुकलं तर पुन्हा गाता येतं, पंख्याचा आवाज नाही, मागे कपबशा वाजत नाहीत. तरीही विनोदी गाण्यांचे कितीतरी गाजलेले अल्बम क्लबात नाहीतर छोट्या थिएटरात, समोर माणसं बसवून रेकॉर्ड झालेत. त्यामागचं कारण समजून घ्यायचं तर टॉम लेहरर या अमेरिकन माणसापासून सुरुवात करणं सोयीचं. हा पेशाने गणिताचा मास्तर. पियानोवर बसून अत्यंत सभ्य आवाजात अत्यंत तिरकस गाणी म्हणायचा. १९५३ साली पहिला अल्बम त्याने पदरचे पैसे घालून स्टुडिओत केला. १९५९ मध्ये मात्र नव्या गाण्यांचे दोन अल्बम काढले. गाणी तीच, एक अल्बम स्टुडिओतला, दुसरा हार्वर्डच्या सँडर्स थिएटरमधल्या प्रयोगाचा. गाणारा तोच, पियानो वाजवणारा तोच, शब्द तेच, फरक फक्त समोर माणसं असण्या-नसण्याचा. दोन्ही आज ऐकायला मिळतात, आणि पाठोपाठ ऐकले तर तासाभरात सगळा विषय कळतो. स्टुडिओतलं गाणं नीटनेटकं वाटतं. थिएटरातलं गाणं हसवतं. १९६५ चा अल्बम तर त्याने सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘हंग्री आय’ या क्लबातच रेकॉर्ड केला.

हे का होतं, ते लयीत दडलेलं आहे.

नुसतं बोलणारा विनोदवीर हशा ओसरेपर्यंत थांबू शकतो. पाणी पितो, माईकची वायर सरळ करतो, पुढच्या रांगेतल्या कुणाकडे तरी रोखून बघतो. गाणाऱ्याला ती चैन नाही. लय चालू असते. यमकावर हशा पिकला की लगेच पुढची ओळ दारात उभी, आणि ती हशात बुडणार. त्या बुडालेल्या ओळीत पुढच्या विनोदाची तयारी असेल तर एका हशाच्या नादात दोन विनोद गेले. म्हणून असं गाणं लिहितानाच त्यात मोकळी जागा सोडतात. विनोदाचा शब्द ओळीच्या अगदी शेवटी, यमकाच्या जागी. त्यानंतर काही मात्रा नुसता ठेका. हशा लहान आला तर तेवढ्यावर पुढे जायचं, मोठा आला तर तोच ठेका पुन्हा फिरवायचा. पाश्चात्त्य वादक याला व्हॅम्प म्हणतात.

आपल्या भागात हे तंत्र कुणी परगावाहून येऊन शिकवायची गरज नाही. पोवाड्यात शाहिराची ओळ संपली की झीलकरी ‘जी जी रं जी’ धरतात. तेवढ्यात शाहीर दम घेतो, समोरच्यांना ओळ कळते, हसायचं असेल ते हसून घेतात, आणि डफ-तुणतुणं थांबलेलं नसल्यामुळे कार्यक्रमही थांबलेला नसतो. तमाशाच्या बतावणीत सोंगाड्याने वाक्य टाकलं की ढोलकीवाला त्यावर थाप मारतो. ती थाप म्हणजे प्रेक्षकाला ‘आता हसा’ अशी परवानगीच. पठ्ठे बापूराव रेठरे हरणाक्षचे, अण्णा भाऊ साठे वाटेगावचे, दोघंही सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यातले. गाणं आणि हशा एकाच लयीत कसे नांदवायचे याची शाळा जिल्ह्यातच भरत होती, असं म्हटलं तर फार फुशारकी होऊ नये.

आता स्टुडिओचा विचार करा. तिथे हशाच नाही. मग ठेका किती वेळ फिरवायचा? अंदाजाने. जास्त फिरवला तर गाणं रेंगाळतं, कमी फिरवला तर ओळी एकमेकींच्या अंगावर पडतात. लोकांसमोर हा हिशेब लोकच करतात आणि गाणारा त्यांच्या मागे जातो. म्हणजे प्रेक्षक इथे साथीला बसलेला असतो. आणि साथीदाराला स्वतःचा माईक लागतो, ही गोष्ट नवखी मंडळी हमखास विसरतात.

माईकवर येण्याआधी थोडा इतिहास, कारण हशा रेकॉर्डवर यायला बराच काळ जावा लागला. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हाच्या त्या खेळांत सूत्रधार पदं म्हणायचा आणि विदूषक मध्ये लुडबुडायचा. गाणं आणि विनोद एकाच रंगमंचावर होतेच. त्या रात्री कोण कुठे हसलं ते मात्र हवेत विरलं. एडिसनचा फोनोग्राफच १८७७ चा. पुढे तबकड्या आल्या, तरी सुरुवातीच्या रेकॉर्डिंगमध्ये कर्ण्यासारख्या भोंग्यात तोंड घालून गावं लागे. खोलीतल्या शंभर माणसांचं हसणं त्या भोंग्यात शिरणं शक्य नव्हतं. शिवाय एका बाजूला तीनेक मिनिटांची जागा. त्यात हशासाठी वेळ कोण घालवणार? १९२५ च्या सुमाराला मायक्रोफोनने रेकॉर्डिंग व्हायला लागलं, दुसऱ्या महायुद्धानंतर टेप रेकॉर्डर क्लबात नेऊन ठेवण्याइतका हाताशी आला, आणि १९४८ मध्ये एका बाजूला वीस मिनिटांवर मावणारी लाँग प्ले तबकडी निघाली. या तीन गोष्टी जुळल्यावर आख्खा प्रयोग उचलून तबकडीवर ठेवता येऊ लागला. १९५७ साली लंडनच्या फॉर्च्युन थिएटरात फ्लँडर्स आणि स्वान या जोडीचा गाण्या-गप्पांचा प्रयोग रेकॉर्ड झाला, त्याचा निर्माता होता जॉर्ज मार्टिन, जो पुढे बीटल्समुळे जगाला माहीत झाला. टेप ब्लेडने कापून चिकटवता येते, ही त्यातली सगळ्यात कामाची गोष्ट. तिच्याकडे पुढे येऊच.

खोली लहान का हवी

‘अल्बमच करायचा तर सांगलीच्या भावे नाट्यमंदिरातच करू’ असं वाटणं साहजिक आहे. साताऱ्यातल्या कुणाला शाहू कला मंदिर आठवेल. मोठं स्टेज, खुर्च्या, इभ्रत. पण या कामासाठी मी सांगलीच्याच विश्रामबागेतला साठ माणसांचा कॅफे निवडेन, आणि त्याचं कारण आवाजाचा वेग हे आहे.

हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे एक मीटरला साधारण तीन मिलिसेकंद. स्टेजपासून वीस मीटरवर बसलेल्या माणसाला तुमचा शब्द ५८ मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो, आणि त्याचं हसणं तुमच्यापर्यंत यायला आणखी ५८. झाले ११६. ऐकायला किरकोळ वाटतं, पण मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची असते, म्हणजे हा उशीर जवळजवळ पाव मात्रेचा. मागच्या रांगांनी ठेक्यावर टाळ्या धरल्या की गाणं मागे ओढल्यासारखं होतं, ते याचमुळे. चूक टाळ्या वाजवणाऱ्यांची नसते. शिवाय पुढची रांग आधी हसते, मागची नंतर, आणि मोठ्या सभागृहात भिंतींवरून परत येणारा आवाज त्यात मिसळतो; हशाची धार जाते, नुसता गलका उरतो. कॅफेत शेवटचं टेबल पाच-सहा मीटरवर असतं. तिथला हशा एकदम येतो, एकदम थांबतो.

खोली भरलेली असणंही तितकंच महत्त्वाचं. माणूस एकटा हसायला लाजतो. शेजाऱ्याचा खांदा खांद्याला लागत असेल तर तोच माणूस मोकळा होतो. साठ खुर्च्यांत साठ माणसं बसलेली केव्हाही चांगली. आठशे खुर्च्यांत विखुरलेली दीडशे नकोत. छत खाली असेल तर हशा वरून परत खोलीतच पडतो आणि भरीव लागतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या क्लबातल्या उघड्या विटांच्या भिंतीचं पुढे जगभर अनुकरण झालं. दिसायला ती छान दिसते, पण विटांपेक्षा ही जवळीक जास्त उपयोगी.

लहान जागेचे त्रास वेगळे. पंखे, एसी, कॉफी मशीनची वाफ, काउंटरवरचा ‘दोन कटिंग’चा पुकारा. यातलं जे बंद करता येतं ते करा. जे बंद होत नाही त्याचं एक काम करा : कार्यक्रमाआधी पंखे चालू ठेवून रिकाम्या खोलीचा मिनिटभर आवाज रेकॉर्ड करून ठेवा. तो पुढे एडिटिंगमध्ये कामाला येतो.

हशाचा माईक

आपल्याकडे सर्रास होतं ते असं. साऊंडवाल्याच्या मिक्सरमधून एक वायर काढून लॅपटॉपला किंवा मोबाइलला लावतात आणि ‘डायरेक्ट रेकॉर्डिंग घेतलं’ म्हणतात. घरी येऊन ऐकलं की गायकाचा आवाज स्वच्छ, पेटी स्वच्छ, आणि हशा कुठेच नाही. कुठेतरी लांब, शेजारच्या बिल्डिंगीत कुणी हसतंय असं वाटतं. कार्यक्रम रंगलेला असतो, पण रेकॉर्डिंग ऐकणाऱ्याला वाटतं की प्रत्येक विनोद पडला. कारण उघड आहे. स्पीकरला जे पाठवायचं तेच मिक्सरमधून बाहेर येतं, आणि प्रेक्षकांचं हसणं स्पीकरला कुणी पाठवत नाही.

म्हणून प्रेक्षकांसाठी निदान दोन वेगळे माईक लागतात, आणि ते फक्त रेकॉर्डरकडे जायला हवेत. चुकून स्पीकरला गेले तर शिट्टी बसलीच म्हणून समजा. जागा : स्टेजच्या पुढच्या दोन कोपऱ्यांत, डोक्यांच्या वर, तोंड लोकांकडे आणि पाठ स्पीकरकडे. समोरचं जास्त आणि मागचं कमी ऐकणारे माईक असतात, त्यांना कार्डिऑइड म्हणतात, तेच घ्यावेत. एका टेबलाच्या फार जवळ लावू नयेत. प्रत्येक गर्दीत एक गृहस्थ असे असतात ज्यांचं हसणं गल्लीच्या टोकाला ऐकू जातं. माईक त्यांच्यावर गेला तर आख्खा अल्बम त्यांचा होतो.

गायक, पेटी, गिटार, डावीकडचे प्रेक्षक, उजवीकडचे प्रेक्षक, असा प्रत्येकाचा ट्रॅक वेगळा घेतला की नंतर हवं ते वरखाली करता येतं. रेकॉर्डिंगची पातळी मात्र कमीच ठेवा. बेसावध क्षणी आलेला हशा गाण्यापेक्षा मोठा असतो आणि तिथे आवाज फुटतो. २४ बिट रेकॉर्डिंगमध्ये कमी पातळीवर घेतलेला आवाज नंतर वाढवला तरी खरखर फारशी वाढत नाही. फुटलेला आवाज मात्र पुन्हा सांधत नाही.

यातून एक जरा अवघड भानगड निघते. प्रेक्षकांच्या माईकला हशाबरोबर स्पीकरमधलं गाणंही ऐकू येतं, आणि तेही उशिरा. माईक स्पीकरपासून सहा मीटरवर असेल तर सुमारे १७ मिलिसेकंद. गायकाचा ट्रॅक आणि हा ट्रॅक एकत्र वाजवले की आवाज पोकळ होतो, जणू तो पिंपात तोंड घालून गातोय. उपाय असा की सॉफ्टवेअरमध्ये प्रेक्षकांचा ट्रॅक तेवढाच अलीकडे सरकवायचा. हशा १७ मिलिसेकंद लवकर आला तर कुणाला कळत नाही. गाणं मात्र जाग्यावर येतं. काही जण याला सोपा पर्याय म्हणून प्रेक्षकांचे माईक गाण्यात पूर्ण बंद ठेवतात आणि हशा आला की उघडतात. ते वाईट ऐकू येतं. दर यमकाला खोलीचं दार कुणीतरी उघडतंय आणि बंद करतंय असं वाटत राहतं. खोलीचा थोडा आवाज कायम ऐकू येऊ द्यावा, हशाला फक्त बोटभर वर न्यावं.

एका रात्रीत अल्बम होत नाही

असे अल्बम अनेकदा एकाहून जास्त प्रयोगांतून, कधी दोन-तीन वेगळ्या क्लबांतून जुळवतात. शुक्रवारी दुसरं गाणं जमलं, शनिवारी पाचवं. नुसत्या बोलण्याच्या विनोदात ही जोडणी सोपी असते. गाण्यात तीन अडचणी येतात : पट्टी, लय आणि खोलीचा आवाज.

पेटीची पट्टी हलत नाही, गिटारची हलते. त्यामुळे दोन्ही रात्री गिटार पेटीशी जुळवून घ्यायची शिस्त ठेवली नाही तर जोड कानाला टोचतो. लय त्याहून लबाड. उत्साही शनिवारी माणूस न कळत वेगाने गातो. शुक्रवारचा अंतरा आणि शनिवारचा मुखडा जोडला तर मधे धक्का बसतो. कानात टिकटिक लावून लय बांधता येते, पण मी तसं करणार नाही. हशा बघून एखादा शब्द अर्धी मात्रा लोंबकळत ठेवणं, हीच तर या गाण्याची जादू. टिकटिक ती मारते. त्यापेक्षा गाणं तोडूच नये. जोड गाण्यांच्या मधल्या बोलण्यात घ्यावा, आणि शक्य असेल तर टाळ्यांच्या कडकडाटात. टाळ्यांना सूर नसतो, शब्द नसतो. दोन रात्रींच्या टाळ्या एकमेकांत विरघळवल्या तर जोड सापडत नाही. हशात तसं जमत नाही. हशाला चढ-उतार असतो, त्यात माणसं ओळखू येतात. बोलण्याच्या मधे कापावं लागलंच तर ती मघाची रिकाम्या खोलीची मिनिटभर घरघर खाली पसरायची, म्हणजे पंखा अचानक थांबून पुन्हा सुरू झाल्यासारखा वाटत नाही.

हशा छोटा करावा का? बहुतेक वेळा हो. समोर बसलेल्याला सहा सेकंदांचा हशा कमीच वाटतो, घरी हेडफोन लावून एकट्याने ऐकणाऱ्याला तो लांबतो. डोळ्यांच्या विनोदांना तर कठोरपणे कात्री लावावी. गायकाने भुवई उडवली, लोक हसले. ऐकणाऱ्याला काहीच कळलं नाही आणि उगाच वगळल्यासारखं वाटलं.

आणि हशा वाढवावा का? इथे माझं मत जरा कर्मठ आहे. अमेरिकेत चार्ली डग्लस नावाच्या साऊंड इंजिनियरने १९५० च्या दशकात टीव्हीसाठी हशाची पेटीच बनवली होती. बटण दाबलं की हवा तसा हशा. विनोदी गाण्यात ही लबाडी चटकन पकडली जाते, कारण गाणाऱ्याने ठेका किती वेळ फिरवला ते ऐकू येतं. दोन मात्रांत पुढे गेलेल्या गाण्यावर पाच सेकंदांचा हशा टाकला तर पुढची ओळ त्याखाली चिरडते. शनिवारचा हशा शुक्रवारच्या त्याच विनोदावर बसवणं मला अगदीच गैर वाटत नाही, पण तेही गरज पडली तरच.

चाल कुणाची?

विनोदी गाण्याचा अर्धा जोर ओळखीच्या चालीत असतो. ओळखीची चाल, अनोळखी शब्द. क्लबात एका संध्याकाळी गाणं आणि अल्बम करून विकणं यांत कायद्याने बराच फरक पडतो. भारताच्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ३१सी आलं, त्यात जुन्या गाण्यांच्या कव्हरची, म्हणजे तेच गाणं नव्याने गाऊन रेकॉर्ड करायची, सोय आहे : मूळ रेकॉर्डिंगच्या वर्षानंतर पाच वर्षं उलटलेली हवीत, आणि वर्षाला निदान ५०,००० प्रतींइतकी रॉयल्टी आधी भरायची. पण तांत्रिक गरजेपलीकडे शब्द-चालीत बदल करायला त्यात मुभा नाही. विडंबन म्हणजे बदलच, तेव्हा हा रस्ता बंद. कायद्यात टीका आणि परीक्षणासाठी वाजवी वापराची सवलत आहे, पण विडंबन हा शब्द त्यात नाही. त्या भरवशावर सिनेमाच्या चालीवर अल्बम काढण्याआधी वकिलाला विचारलेलं बरं. यूट्यूबची यंत्रणाही चाल ओळखते. कॅराओके ट्रॅकवर गाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की तो ट्रॅक हेही कुणाच्या तरी मालकीचं वेगळं रेकॉर्डिंग असतं.

सुरक्षित वाट म्हणजे मोकळ्या झालेल्या रचना. आपल्याकडे शब्द आणि संगीत निर्मात्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी मोकळं होतं. हरिपूरचे नाटककार गोविंद बल्लाळ देवल १९१६ साली गेले, पठ्ठे बापूराव १९४५ साली. त्यांचे शब्द केव्हाच मोकळे झालेत. चाल दुसऱ्याने दिली असेल तर तिची तारीख वेगळी बघावी लागते. ओवी, भारूड, पोवाड्याचे पारंपरिक ढंग हाताशी आहेतच. लेहररने हेच केलं होतं. रासायनिक मूलद्रव्यांची नावं भराभर म्हणणारं त्याचं गाणं आर्थर सलिव्हनच्या चालीवर आहे, आणि सलिव्हन १९०० सालीच वारला होता. स्वतः लेहररने २०२२ मध्ये आपल्या गाण्यांवरचे हक्क सोडून दिले आणि २०२५ च्या जुलैमध्ये तो गेला.

शेवटी ट्रॅक पाडणं. गाण्याआधीचं बोलणं कुठे ठेवायचं? ते गाण्याच्या ट्रॅकच्या सुरुवातीला ठेवलं तर गाणं दुसऱ्यांदा ऐकणाऱ्याला तीच प्रस्तावना पुन्हा सोसावी लागते. वेगळा ट्रॅक केला तर पैशांची पंचाईत, कारण स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकल्याशिवाय ऐकलं असं मोजलंच जात नाही आणि वीस सेकंदांच्या प्रस्तावनेला काही मिळत नाही. म्हणून ते बोलणं आधीच्या गाण्याच्या शेपटाला जोडतात. सलग ऐकणाऱ्याला प्रयोग जसाच्या तसा मिळतो, आणि गाणं एकटं लावलं तर ते थेट पहिल्या मात्रेवर सुरू होतं. गाण्यांना नावं देताना मात्र सांभाळा. मोबाइलच्या पडद्यावर नाव आधी दिसतं, हशाचा शब्द मागून येतो; तोच शब्द नावात टाकलात तर एवढे माईक लावून काही उपयोग नाही.